चव न घेता

नाही हो सुनेत्राकाकू, रिकामा डबा कसा देणार तुमच्या हातात — बसा ना थोडं, काहीतरी घालूनच देते, आमच्याकडे तशी पद्धतच नाही — पाडव्याला एवढ्या प्रेमाने पुरणपोळ्या पाठवल्यात तुम्ही, आणि मी महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमालासुद्धा आले नाही, बरं नव्हतं जरा. म्हणजे बरं होतं तसं — अगं बाई! काय वाजलं ते? फ्रीजमधला बर्फ पडला होय. मला ना, दचकायला काहीही पुरतं.

हा? हा पास्ता. अनीशचे मॅनेजर आणि त्यांची बायको येतायत जेवायला, मॅनेजरची आजी इटलीची म्हणे. टीव्हीवर बघून शिकले मी. सोपं असतं, पोह्यांइतकंच — हा पँचेटा, म्हणजे मीठ लावून मुरवलेलं डुकराचं मांस, तो आधी परतायचा, त्याचीच चरबी सुटते, मग त्यात अस्पॅरॅगसच्या या हिरव्या काड्या, कोवळे मटार, वरून चीज. वास? आता नाही येत मला. ही कढई वेगळी आहे हं, गॅरेजमध्ये ठेवते, देवांच्या समोरून नेत नाही. आईला यातलं काही माहीत नाही, तिला सांगते, पास्ता म्हणजे आपल्या शेवयाच.

भीती फक्त मिठाची. मी खात नाही ना. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चव न घेता करायचा, देवाच्या आधी उष्टं नको — आई नुसत्या अंदाजाने मीठ घालायची, मीही तशीच शिकले, वाफेवरून कळतं मला, वरणात-भाजीत कधी चुकत नाही. पण यात काय, मांसात मीठ, चीजमध्ये मीठ, पास्त्याच्या पाण्यात मीठ — आणि मागच्या वेळी मी सवयीने वरून आणखी टाकलं. पाहुणे पाणी पीत पीत जेवले, व्हेरी नाइस म्हणाले, अनीशही हसत होता. ते गेल्यावर — काही नाही. आवाज कधी चढवत नाही तो, तुम्ही पाहिलंय ना, किती मऊ बोलतो? उरलेलं पातेलं माझ्यापुढे ठेवलं आणि समोर बसला. म्हणाला, वल्लरी, चव घ्यायला शिक. — हो, सगळं. पातेलं संपेपर्यंत. सावकाश खा म्हणाला, आपल्याला घाई नाहीये. मध्ये मला उलटी झाली, तर तोंड धुऊन ये म्हणाला, आणि परत वाढलं.

अहो, असं नका बघू काकू, मारलं-बिरलं नाही, हातसुद्धा लावला नाही. टेन्शन असतं त्याला — ऑफिसात लेऑफ चालू आहेत, कोणाला काढायचं ते याच मॅनेजरच्या हातात, अनीशचा व्हिसा नोकरीवर आणि माझा बायको म्हणून त्याच्यावर. कधी? पाडव्याच्या आदल्याच दिवशी. तुमच्या पुरणपोळ्या — खोटं कशाला बोलू, खाल्ल्या नाहीत मी. तोंडात सगळं तेच येत होतं. टाकून दिल्या. सॉरी काकू.

तुम्ही खाता ना सगळं? तुमच्या राजसबरोबर बेकन खाता, तेही डुकराचंच, तुम्हीच सांगितलं होतंत. मग एक घास घ्या. प्लीज. फक्त सांगा मला. गरम आहे, फुंकून — काय झालं? एवढा वेळ का चावताय? जास्त झालंय? पण आज मी वरून घातलंच नाही, शपथ — घातलं का? हात गेला असेल. बोला ना हो! पाणी घालू? अजून थोडा पास्ता उकडू? — तुमच्याकडे? आत्ता? आत्ता कशी येऊ मी, पाहुणे यायचेत, टेबल मांडायचंय, बॅग कुठे — नाही, नाही. काहीतरीच काय.

थांबा. गॅरेजचं दार. आला तो.

तुम्ही मागून जा काकू, डेकवरून — नको, डेकवर त्या पाइनच्या झाडांच्या परागांची पिवळी पूड साचलीये, पावलं उमटतील. पुढूनच जा. हसत जा. डबा — नका नेऊ, ठेवा तो, ठेवा म्हणते ना! रिकामा कसा देऊ? उद्या न्यायला या. तो ऑफिसला गेला की या. विसरला म्हणून या. नक्की या हं काकू, गाडी घेऊन या — हो रे, आले! काही नाही, काकू निघाल्याच होत्या.