कढईच्या बुडाला नाक

बाहेर नको मावशी, आत या, आणि ती कढई शालीखाली घ्या आधी. कशाला आणलीत ते ठाऊक आहे मला. परवा तुम्ही ती माझ्याकडून विकत घेऊन काखेत मारून निघालात, बूड माझ्याकडे झालं, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. ठेवा खाली. नको? बरं, राहू दे.

हे बघा, बुडाला जे दिसतंय ना, तो ओतकामातला दोष – मूस नीट तापली नाही की गुठळी राहते, कुठल्याही ओताऱ्याला विचारा. आता गुठळीला नाक आहे, हनुवटी आहे, कपाळावर मोत्यांची पट्टी आहे, त्याला मी काय करू? अहो, तुमचा जावई टांकसाळीच्या दारावर पहाऱ्याला, आणि त्याच्याच चुलीवर नाण्यावरचा सम्राट भाजतोय! नाणं वितळवलं की मुंडकं जातं, अख्ख्या सिस्किया शहराला माहीत आहे. माझा भाऊ दासियस असाच गेला, गेल्या द्राक्षांच्या हंगामात. त्याला नाण्यातली चांदी हवी होती. मला नको चांदी, शपथ – मला नुसतं कांसं हवं होतं. बाजारात आहे कुठे? होतं नव्हतं ते टांकसाळ ओढते आणि टिकलीएवढी नाणी पाडते, गोणीभर ओता तेव्हा डुकराची एक तंगडी मिळते. मग ओताऱ्याने ओतायचं काय, चिखल? म्हणून टाकली नाणी मुशीत. एकदाच – म्हणजे तीनदा. शेवटची मूठ घाईत टाकली, दारावर थाप पडली म्हणून, त्यातलंच एक न वितळता राहिलं असणार. आणि थाप कोणाची, तर शेजारीण विस्तव मागायला आली होती.

काय म्हणालात?

कान हलतो? कढईचा कान हलतो म्हणून आणलीत?

म्हणजे बूड तुम्ही... बरोबर, काजळी धरलीय त्याच्यावर. द्या इकडे, कान आत्ता बसवून देतो, फुकट. द्या ना. मावशी, भाऊ गेल्यापासून मी वाटेल ते बरळतो, गल्लीत कोणालाही विचारा, वेर्झोचं डोकं फिरलंय म्हणतील. बोटाने पुसताय कशाला? हात काळे होतील उगाच. राहू द्या, पुसू नका.

दिसलं.

जा आता. अडवत नाही मी तुम्हाला. फक्त जावयाला सांगायचं तर त्याचं जेवण झाल्यावर सांगा. पोरांना नदीपार पोचवायला मला तेवढा वेळ पुरेल. दार ओढून घ्या.