मुर्रीचा हवाराम

नाइ जी बाबाजी, मासे धराले नाइ आलो मी, गळ कुठं हाये माह्यापाशी? कंपनीचा डरेस घालून कोनी मासे धरते का? ड्यूटीवर चाललो होतो – अन् गाडीचं हँडल आपोआप या बोदलकशा तलावाकडं वळलं. आता हँडल आपोआप वळते का? नाइ वळत. मीच वळवलं. तुमी बसा, गळ सोडू नका, मी हळू बोलतो.

नाव? खेमराज. पन मुर्रीत जाऊन खेमराज विचाराल त कोनी घर दाखवनार नाइ. हवाराम विचारा – लहान लेकरूबी आनून सोडते. काऊन म्हनता? सांगतो ना. आमचा ऑक्सिजनचा प्लांट हाये, दवाखान्याची सिलिंडरं भरतो. हवा ओढाची, दाबाची, थंडी करत करत इतकी थंडी कराची का तिचं पानी होते – खरंच पानी, निळसर, भांड्यात वतलं त चुलीबिगर उकळते. त्यातून ऑक्सिजन येगळा काढाचा. इतके वर्ष एवढंच काम होतं, बरं चाललं होतं. मंग साहेबानं नवीन काढलं – दुपारी सोलरची बिजली उरते, तवा हवेचं पानी जास्तीचं करून मोठ्या टाकीत भरून ठेवाचं, टाकी म्हंजे थर्मासच समजा, अन् सांजेले बिजली कमी पडली का तेच पानी गरम कराचं. ते असं फुगते का बाप्पा, त्या जोरानं टर्बाइन फिरते – पुन्हा बिजली! तुमाले समजलं ना? माह्या सासऱ्याले नाइ समजलं. धनीराममामाजी म्हनते, "जावई, हवेवर दिवा लागते? आमच्या अर्जुनीत त हवेनं दिवा इझते." सारे हासले. अन् माही जीभ – ही जीभ कापून त्याच टाकीत टाकाले पाहिजे – मी म्हनलं, या पाहाले, पयली ट्रायल हाये, टाकीच्या नळाचा वॉल मीच खोलनार. एकट्या मामाजीले नाइ, अर्ध्या मुर्रीले सांगून आलो. पानठेल्यावर भाषन बी दिलं. माही बायको ललिता, तिनं मोहल्ल्यातल्या बाया जमा करून गेटपाशी आनल्या.

खोलला वॉल. टर्बाइननं कुकरसारखी शिट्टी मारली, जराशी हालली, अन् थांबली. लाइनीत कुठंतरी ओल राहून बरफ जमला होता – माही चूक नोती, साहेब बी म्हनले – पन मंग दाबलेली हवा बाहेर सोडा लागली, अन् पांढरं धुकं असं गेटवर चालून गेलं. काहीच नोतं जी त्यात, थंडी हवा अन् वाफ. पन कोनीतरी ओरडलं, "गॅस लीक!" – अन् पळाले ना बाप्पा! मामाजी बांधीत पडले, धानाच्या चिखलात, एक चप्पल अजून तिथंच हाये – पेरली त्यायनं. हासा, हासा, मीबी हासतो. पानठेल्यावर पोट्टे म्हनते, "हवाराम, सायकलमंधी जराशी भरून दे ना."

लोक हासले, चालते. पन ललिता – साऱ्या बाया पळाल्या, ती पळाली नाइ. धुकं अंगावरून गेलं, तरी गेट धरून उभी, भुवयावर पानी. अन् घरी येऊन एक शब्द नाइ. हासली बी नाइ. भात वाढला, "वरन देऊ का?" म्हने. बस. हासली असती त मी आज – आज काय, काही नाइ. आज दुसरी ट्रायल हाये. आता सुरू असन. वॉलवर माहीच ड्यूटी होती. म्हनून मोबाइल बंद करून – हो, पळालो! मामाजी बरे, ते चिखलात तरी पडले. मी त कोरडाच पळालो.

चालू करू म्हनता? करतो... पाहा, वाजला बी. ललिताच हाये. हलो – हो – तू प्लांटवर? – कोन? चंदानं? – बाबाजी, चाललं म्हनते! आमच्या प्लांटातली चंदा, आता आता लागली कामाले, तिनं खोलला वॉल! ऐका, ऐका, फोन टर्बाइनकडं धरला ललितानं – हे घूं घूं – आलं ऐकू? माह्याबिगर चाललं लेका! बरफ कायचा, पांढऱ्या पायाचा मीच होतो. – हा, बोल ललिता. मी? मी ना, मी बँकेत... काय?... हो... हो.

साहेबानं विचारलं म्हने, खेमराज कुठं हाये? त हिनं सांगतलं, "बोदलकशाले गेले. भेव वाटला का तिथंच जातेत." साऱ्यासमोर! अन् मले म्हनते, आपला रूपेश झाला तवाबी तुमी तिथंच होते ना – मी त औषध आनाले गेलो म्हनलं होतं जी. रूपेश आता कालेजात जाते. इतके वर्ष मालूम होतं तिले, अन् बोलली नाइ.

सांजेले पुन्हा चालवतेत. खरी बिजली लाइनीत सोडाची हाये. चंदाची ड्यूटी सुटते तवा, वॉलवर कोनी नाइ. म्हने, मी इथंच आहो, तुमी या. अन् ठेवला फोन.

असे काय पाहून राहिले माह्याकडं? काही बोलू नका. काहीच बोलू नका, बाबाजी. सरका जरासे, गाडी काढू द्या.