पट्ट्या वाजवल्या, फोडल्या नाहीत

पोंट गारेग पोलीस चौकी
बुधवार, ता. १६ मार्च १८४२

माझे नाव ग्रिफिथ प्रॉबर्ट, वय ५८ वर्षे, धंदा घोडीने गाडे ओढणे, राहणार चुनाभट्टीखालची ओळ, पोंट गारेग. मी समक्ष हजर होऊन सांगतो की,

एकतीस वर्षे मी या लोखंडी वाटेवरून खाणीचा कोळसा कालव्यापर्यंत नेतो. माझ्या घोडीचे नाव सेरेन. गेल्या वर्षापासून त्याच वाटेवर वाफेचे इंजिन चालते. ते माझ्या डोळ्यांत सलते, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. तुम्हीही लिहून घ्या.

सोमवारी सकाळी ते इंजिन पडले आणि दुपारी गुत्त्यात मी म्हणालो, "वॉटकिननं सकाळीच पट्ट्या वाजवल्या होत्या." शिपाईसाहेब, तुम्ही शेजारीच बसला होता. तुम्ही समुद्राकडचे, इथे येऊन महिना झाला. तुमच्याकडे वाजवणे म्हणजे हाणणे. काल तुम्ही वॉटकिन बेडो याला इंजिन पाडले म्हणून कोठडीत घातले. माझ्या जिभेला हाड नाही, त्याची मला लाज वाटते.

वॉटकिन वाटेची डागडुजी करतो. वाट बिडाच्या पट्ट्यांची आहे. तो रोज लहान हातोडीने एकेक पट्टी वाजवून ऐकतो. चांगली पट्टी खणखणते, तडा गेलेली बद्द वाजते. बाजारात बायका मडके घेताना हेच करतात. सोमवारी सहा वाजता मधल्या खांबापासून वर खाणीकडच्या नऊ पट्ट्या बद्द वाजल्या. त्याने त्यांवर खडूने फुल्या मारल्या आणि माझ्यादेखत खाणीच्या कारभाऱ्याला सांगितले की, या बदलेपर्यंत इंजिन सोडू नका. कारभारी म्हणाला, "तू कान सांभाळ, गाडी मी सांभाळतो."

नऊच्या सुमारास मी रिकामे गाडे घेऊन वर चाललो होतो. वाट एकेरी आहे. समोरासमोर आल्यास मधला खांब जो आधी ओलांडेल तो पुढे जातो, दुसरा मागे हटतो. खांब मी ओलांडला तेव्हा वरून इंजिन आले. चालक जॉब टर्नबुल, उत्तरेकडचा. तो म्हणाला, "म्हातारबा, घोडी मागे घे, माझ्यामागं पाच गाडे भरलेत."

मी म्हणालो, "खांब माझा. राजा आला तरी मागं जाईल."

त्या वेळी फुल्या मला आठवत होत्या. तरी मी हटलो नाही. आजवर घोड्यापुढे इंजिन मागे गेलेले मी पाहिले नव्हते, ते मला पाहायचे होते. टर्नबुल हसला आणि मागे जाऊ लागला. येताना कशाबशा तगलेल्या पट्ट्या परतताना तुटल्या आणि इंजिन कुशीवर पडले. टर्नबुलचा डावा हात भाजला. मी त्याला ओढून बाहेर काढले. यात दोष असेल तर कारभाऱ्याचा आहे आणि माझ्या हट्टाचा आहे. वॉटकिनचा नाही.

तुटलेल्या पट्टीचे दोन तुकडे मी पोत्यातून आणले आहेत. भेगेत आतपर्यंत गंज आहे. सोमवारी फोडलेल्या लोखंडाला दोन दिवसांत इतका गंज चढत नाही. शेजारी एक शाबूत पट्टीही ठेवली आहे. तुम्ही दोन्ही वाजवून पाहिल्या आणि पुन्हा एकदा वाजवल्या.

आज सकाळी मी टर्नबुलला भेटलो. मी माफी मागितली तर तो म्हणाला, "खांब तुझाच होता." इंजिनाचे वजन पेलतील अशा घडीव लोखंडाच्या नव्या पट्ट्या कालव्यावर येऊन पडल्या आहेत. त्या वर आणायला घोडीच हवी आणि बसवायला वॉटकिनच हवा. मी हो म्हटले. सेरेनचे काम जाईल ते याच पट्ट्यांनी, हे मला कळते. पण टर्नबुल म्हणतो, इंजिनला मण मण पाणी लागते, खांबापाशी रहाट बसवू, तो ओढायला शहाणी घोडी पाहिजे. त्याने घोडीला शहाणी म्हटले, तेव्हापासून त्याच्यावर माझा राग राहिलेला नाही.

उद्या सकाळी सात वाजता मी गाडे घेऊन कालव्यावर असेन. वॉटकिन बरोबर असावा, एवढीच विनंती. ज्या किल्लीने तुम्ही तुकडे वाजवलेत, ती कोठडीचीच आहे आणि अजून तुमच्या हातात आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी कान देऊन ऐकला, कुठे बद्द वाजला नाही. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मला लिहिता येत नाही, म्हणून खाली फुली मारतो. वॉटकिनही अशीच मारतो.

ग्रिफिथ प्रॉबर्ट ✕