गाडग्यातलं जित्तं

आवं, मी काय म्हनते, लढाईवर गेल्याला मानूस परत आला, देवाची किरपा, पर जिभेवर ही असली याद घिऊन कशाला यायचं? आमचं मालक... नाव घेत न्हाय मी, तुमास्नी ठावं हाय... मोठ्या लढाईत फरान्सला वझी उचलाय गेलं हुतं. तितं कुना म्हातारीच्या भट्टीतला पाव खाल्ला. अठरा वर्सं तोंडातनं शब्द न्हाय! आन् गेल्या साली, आमच्या विजयमालेची सुपारी फुटायला आठ दिस ऱ्हायल्यात, तवा ह्यास्नी त्यो आठवला! "अगं, वरनं कडक, आतनं लोन्यावानी मऊ..." म्हनलं, हळू बोला वो!

आमच्या सांगवीत पाव म्हंजी पायानं तुडवल्यालं पीठ. खाल्ला की बाटला! आन् बाटल्याल्या घरची पोरगी कोन करतंय? सोयरं काटेवाडीचं सर्जेराव, मानूस असा सोवळा की बारामतीच्या बाजारात घोटभर पानी पीत न्हाय. कानावर गेलं तर सुपारी त्यांच्याच खिशात ऱ्हायची.

पर ऐकतंय कोन! गव्हाचं पीठ पान्यात कालवलं, गाडग्यात घातलं, वर फडकं बांधलं, आन् म्हनत्यात, "ह्याला सकाळ-संध्याकाळ खायाला घालायचं. उपाशी ठिवलं तर मरतंय." मरतंय? म्हंजी जित्तं हाय? तिसऱ्या दिशी वाकून बघितलं तर आत बुडबुड... बुडबुड... आन् वास आंबट, कुनाच्या तरी तोंडाचा! काटा आला अंगावर. मी मागं सरकले, आन् फडक्याखाली ते हळूहळू वर येतच हुतं.

बरं, घरात हाय तवर ठीक. तर ह्यांनी परड्यात घुमटावानी मातीची भट्टी घातली! शेजारच्या धोंडाबाईची मान लगेच कुपावरनं वर. "अगं बया, समाधी कुनाची गं?" म्हनलं, कुनाची न्हाय, अजून! आता ह्ये कशाला बोलले मी? झडली न्हाय जीभ माझी! तवापासनं ती बाई कूप सोडंना. ह्यास्नी गाडग्यात मूठमूठ पीठ घालताना बघितलं तिनं, गाडग्याला कान लावताना बघितलं, "भूक लागली व्हय?" असं इचारताना बघितलं. आवं, बायकूला कवा इचारलं न्हाय ह्यांनी! दोन दिसांत पानवठ्यावर बाया मला बघून घागरी अर्ध्याच भरून निघाल्या. काय, तर रंगूबाईच्या घरात चेडा हाय! चेडा म्हंजी पाळल्यालं भूत, धन्याची कामं करनारं. कुजबुज पार काटेवाडीला पोचली. आन् फडक्याखाली ते हळूहळू वर येतच हुतं.

मग एक दिस भट्टी पेटवली, पिठाचा ह्यो लांब गोळा क्येला, न्हाव्याचा वस्तरा घेतला आन् गोळ्याच्या पाठीवर सर्र... सर्र... तीन वार! कुपापलीकडं "आई गं!" करून काय तरी पडलं. गोळा भट्टीत सारला, वर तांब्याभर पानी फेकलं, फस्स करून वाफंचा लोट निघाला, धोंडाबाई किंचाळत वाटंला लागली, आन् वाटंत तिला कोन भेटावं? सर्जेराव! खरंखोटं कराय निघाल्यालं. पीठ गेलं भट्टीत, पर माझ्या पोटातला गोळा हळूहळू वर येतच हुता.

आलं, पर वसरीवर टेकलं न्हाईत. पानी घेतलं न्हाय. विजयमाला दाराआड पदर चावतीया. सर्जेरावांच्या पोरानं एकदा हासून बघितलंय तिच्याकडं, तवापासनं जेवनात ध्यान न्हाय पोरीचं. तिच्याकडं बघवंना मला! आन् आमचं मालक? पाव टोपलीखाली झाकला आन् बसलं टोपलीम्होरं!

"बाई," सर्जेराव म्हनलं. ईहीनबाई न्हाय, निस्तं बाई! "टोपलीखाली काय हाय?"

आन् तेवढ्यात, तुमची शपत, टोपलीखालनं आवाज... तड... तड तड... तड! पाव गार व्हताना वरचं कवच तडकतं म्हनं. मला कुनी सांगितलं हुतं? पाव म्हनावं तर बाटलो, पोरगी घरात. न्हाय म्हनावं तर ते आतनं बोलतंय! डोळं मिटलं आन् म्हनलं, "चेडा हाय."

टोपली तेवढी तडतडतीया.

मग सर्जेरावांनी असा लांब सुस्कारा टाकला! "चेडा व्हय! मग काय हरकत न्हाय, ईहीनबाई! वासावरनं मला वाटलं पाव भाजताय का काय!" आन् वसरीवर बसून घटाघटा पानी प्यालं. पावाचा वास सर्जेरावांस्नी कसा ठावं, ते मी इचारलं न्हाय. सुपारी फुटायची हुती.

फुटली. पर उठता उठता सर्जेराव म्हनलं कसं, "हुंडा नगं, मानपान नगं. आमच्या उसाला पानी धराय मानूस मिळंना. पोरीसंगं ह्यो चेडा तेवढा धाडा."

आता? लगीन झालं, आन् पाटाच्या पानीपाळीला आमचं मालक काटेवाडीच्या उसात शिरत्यात, वाकून, कुनाला दिसू न देता, पोरीला कोन बोलाय नगं म्हनून! सर्जेराव गावभर सांगत्यात, "चेडा लई गुनाचा, पर म्हातारा दिसतोय, खोकतो फार." काय करतीया! मी काढा धाडती.