मुकी कळ

नाही, पण मला एक सांगा, बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे की नाही? माझं म्हणणं चुकलं का? तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं वायरमन म्हणून घरोघर फिरलोय, लोकांच्या माळ्यावर चढलोय, भिंतीत बोटं घालून झटके खाल्लेत, पण बटण दाबलं, काहीच झालं नाही, आणि घरमालकीण म्हणाली "अगदी बरोबर चाललंय"... असं एकदाही झालं नाही हो! आणि झालं कुठे? माझ्याच घरात! आणि मालकीण कोण? आमचीच ही!

कीबोर्ड हो, कीबोर्ड. कॉम्प्युटरचा. साधासुधा असता तर मी कशाला तुमच्यापुढे रडत बसलो असतो? हा आमच्या हिने स्वतः बनवलेला. म्हणजे प्लास्टिक दुकानातलं, पण डोकं हिचं. गणिताची मास्तरीण ना! शाळेतून निवृत्त झाली तशी हिने ठरवलं, माहेरच्या बोलीचा शब्दकोश करायचा. आता ती बोली धड बोलणारी माणसं उरली किती? दोन. एक ही, आणि एक हिची अक्का, वय वर्षं सत्त्याऐंशी. भाचरंबिचरं सगळी परदेशात, त्यांना "जेवलास का" एवढं कळतं, पुढे सगळा आनंद. म्हणून प्रत्येक शब्द तीनदा लिहायचा. अक्काला वाचता यावा म्हणून तिच्या लहानपणच्या जुन्या लिपीत, भाचरांसाठी रोमनमध्ये, आणि अर्थ आपल्या लिपीत. वर उच्चाराच्या खुणा! हे सगळं एका कीबोर्डावर मावणार कसं?

मावलं. मावलं कसलं, हिने कोंबलं! एक सॉफ्टवेअर असतं म्हणे, त्यात कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर उमटायचं ते आपलं आपण ठरवायचं. झालं! नुसती कळ दाबली की एक अक्षर, शिफ्ट धरून दाबली की दुसरं, उजवीकडचा ऑल्ट धरला की तिसरं, दोन्ही धरले की चौथं. चार मजली इमारत बांधली हिने, आणि जिन्यात दिवा नाही! मी विचारायचो, "अगं, हे अक्षर इकडे आणि त्याची जुळी बहीण तिकडे कोपऱ्यात का?" तर म्हणे, "शेजारी ठेवलं की माझी बोटं गोंधळतात. तुम्हाला काय करायचंय?"

खरंच, मला काय करायचं होतं! चार वर्षं मी सुखात होतो. मग ही पडली. स्टुलावर चढून कपाटावरची फाइल काढत होती, घरात साक्षात वायरमन असताना, ज्याचा जन्म शिडीवर गेला! मनगट मोडलं. उजवं. सहा आठवडे प्लास्टर. आणि त्याच आठवड्यात अक्काच्या डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दोन महिने दिसेल, फार तर अडीच. पुढे उजेड-अंधार कळेल, अक्षर नाही. छापखाना म्हणतो, आम्हाला तीन आठवडे लागतात. आणि टाइप व्हायचे राहिले किती शब्द? चारशे अकरा! सांगा, कोण बसणार?

मी! दोन बोटांचा मी!

पहिल्या दिवशी ही शेजारी खुर्ची टाकून बसली, प्लास्टरचा हात उशीवर, मांडीवर शब्द लिहिलेल्या कार्डांचा गठ्ठा. म्हणाली, "आता ती वरची डावी कळ दाबा." दाबली. काही नाही. "दाबलीत?" "दाबली." "मग पुढचं अक्षर दाबा." अहो पण आधीचं कुठे उमटलंय? मी पुन्हा दाबली. तर पडद्यावर एक टोपी! नुसती टोपी, खाली डोकंच नाही. म्हटलं कनेक्शन सैल आहे. स्क्रूड्रायव्हर आणला, कळ उपटली, फुंकर मारली, बसवली, दाबली, दाबली, दाबली... पडद्यावर टोप्यांची रांग! ही कपाळाला हात लावायला गेली आणि तो नेमका प्लास्टरचा निघाला.

"अहो, ती मुकी कळ आहे!"

"मुकी म्हणजे बिघडलेली!"

"मुकी म्हणजे गप्प बसणारी. ती दाबली की काही दिसत नाही. ती वाट बघते. पुढचं अक्षर आलं की त्याच्या डोक्यावर उच्चाराच्या खुणेची टोपी ठेवते."

आता वायरमनला हे पटेल का? बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे! शेजारच्या खोलीतलं दुसरं बटण दाबेपर्यंत दिवा वाट बघतोय, असं वायरिंग मी केलं असतं तर लोकांनी मला शिडीसकट हाकललं असतं!

पण बसलो. रोज सकाळी बसलो. नाकी नऊ आले, मान धरली, पण बसलो. मध्येच हिचा चेहरा कसनुसा व्हायचा. मी म्हणायचो, "कळ येतेय का?" तर म्हणायची, "कुठली? तिसऱ्या मजल्यावरची?" "अगं, हाताला!" "छे. काही दुखत नाही." आणि ओठ घट्ट मिटून पुढचं कार्ड पुढे करायची. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही मुकी कळ हिने काही सॉफ्टवेअरमधून शोधून काढलेली नाही. अडतीस वर्षं मी तिच्याबरोबरच राहतोय.

तर असं करत करत आम्ही 'ह'वर आलो. आणि आता नीट ऐका हं. लग्न झाल्यापासून ही मला एक आवाज काढून हाक मारते. "हँ." चारचौघांत "अहो", घरात दोघंच असलो की "हँ." मी आपला समजत होतो, माहेरची सवय असेल. ओ देत होतो. आणि त्या दिवशी कार्ड आलं. शब्द, हँ. अर्थ? वाचतो हं... "म्हशीला बाजूला सरकवण्यासाठी काढायचा आवाज."

म्हशीला!

अडतीस वर्षं! पाहुणे गेले की हँ, दार उघडा हँ, ऐकलंत का हँ! मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, "तू टाइप कर तुझ्या डाव्या हाताने, म्हैस निघाली!" तर ही हसायलाच लागली, हसताना हात दुखतोय, तरी हसतेय. म्हणाली, "बसा हो. पुढचं कार्ड वाचा आधी."

पुढचं कार्ड. शब्द तोच, हँ. पण डोक्यावर टोपी. खाली हिच्या बारीक अक्षरात, "आधीच्या शब्दासारखाच, फक्त शेवटी श्वास आत ठेवायचा. अर्थ: आपलं माणूस. ते जवळ आहे हे माहीत असतानाही मारायची हाक."

तुम्हाला सांगतो... एकतीस वर्षं विजेशी खेळलो, असा झटका नाही बसला. हिच्याकडे बघितलं तर ही खिडकीबाहेर बघत होती. मी चष्मा पुसला, टाइप केलं आणि मुकाट पुढच्या कार्डावर गेलो.

पुस्तक वेळेत छापून आलं. अडीच महिने व्हायला नऊ दिवस कमी होते. घेऊन गेलो अक्काकडे. ती खिडकीशी बसली, हातात हे एवढं भिंग. एकेक शब्द मोठ्यांदा म्हणायची आणि हसायची, एका शब्दाला थांबली आणि "आई म्हणायची हा" एवढंच बोलून पान उलटलं. ही तिच्या पायाशी बसलेली. मी दारात, उगाच तिचा स्विचबोर्ड तपासतोय. आणि 'ह'वर अक्काचं बोट थांबलं.

"अगं," म्हणाली, "हे दोन्ही सारखेच छापलेत की! टोपी कुठाय? म्हैसही हँ आणि माणूसही हँ!"

दाबली होती हो मी! दाबली असं वाटलं तरी होतं! पण ती मुकीच, दाबली की नाही ते सांगते थोडीच? आणि डोळ्यांत पाणी असताना मी काय बघणार होतो? मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षांचं काम, आणि चूक कुठे करावी माणसाने? हिला म्हटलं, "अगं, माझ्या हातून..."

"माहीत आहे," ही म्हणाली. "छापायच्या आधीच दिसलं होतं मला. पण ते पान पुन्हा करायला छापखाना दहा दिवस मागत होता. अक्काला दहा दिवस थांबायला कसं सांगू? म्हणून राहू दिलं."

"आणि मला बोलली नाहीस?"

नाहीच बोलली. बोलेल कशी! मुकी कळ!

अक्का मात्र हसत होती, भिंग थरथरेपर्यंत, डोळे पुसेपर्यंत. म्हणाली, "अहो वायरमन, मनाला लावून घेऊ नका. आमची आईसुद्धा बाबांना दोन्ही म्हणायची." आणि पुढचं पान उलटलं. शेवटच्या पानापर्यंत वाचलं तिने. आता तिला दिसत नाही. आता ही फोनवर वाचून दाखवते आणि अक्का पलीकडून उच्चार सुधारते.

हिचं प्लास्टर निघालं. कीबोर्ड पुन्हा हिच्या ताब्यात, मी सुटलो. पण परवा स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, आतून आवाज आला, "हँ." मी विरघळलो हो! म्हटलं, "टोपीसकट ना?"

"नाही," म्हणाली. "सरका. हातात गरम भांडं आहे."

फरक मला अजून ऐकू येत नाही. श्वास आत ठेवला की बाहेर सोडला, मला काय कळणार? आणि विचारायचं तरी किती वेळा? मी आपलं ठरवून टाकलंय, हँ ऐकू आलं की आधी ओ द्यायची, आणि ओ देता देता बाजूला सरकायचं...

शेवटी काय, बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे!