डार्करूममधला समुद्र

थांबा न भाऊ, डोळ्याले अंधाराची सवय होऊ द्या — तुमचे फोटो तिकडं मशीनवर निघूनच राह्यले, आधी हे पाहा. ही बरणी धरा अन् जराशी हलवा. पाह्यलं? निळं! पाह्यलं न? ओरडलेच तुम्ही! सारेच ओरडतात, मी तं पयल्यांदा बरणीच सोडून देत होती हातची. शेवाळ आहे हे, समुद्रातलं, जिवंत — हलवलं का चमकते. नाई नाई, फोटो धुवाचं औषध नाई, ती कामं आमच्या ह्यांच्यासंगं गेली. ते वारले, मंग कंप्युटर आला, ही खोली रिकामीच पडली होती. पोरगी माझी, रिना, रत्नागिरीले समुद्राचंच शिकते, तिनं शिशीभर पाठवलं — आई, तुले करमत नाई न, हे पाळ. आता सांगा, नागभीडात धान पिकते, समुद्र कुठी पिकते? पन पिकला! खारं पानी केलं, रातभर ट्यूबलाइट अन् दिवसा अंधार — यांची रात मी दुपारी पाडली, मले पाहाले सोयीचं!

मंग आला मे महिना. याले लागते गारवा, अन् आपल्याकडचा उन्हाळा तुमाले मालूमच. एकेक बरणी मरत गेली — हलवावं तं नुसतं पानी. रडली मी, खोटं काऊन सांगू? शेवटली एक राह्यली अन् लाइनच गेली, कूलर बंद! तेवढ्यात श्रीहरीभाऊ आले — सिंदेवाहीचे, धानाच्या संशोधन केंद्रातून रिटायर झालेले, बायको वारली त्यांची — फोटोच काढाले आले होते, तुमच्यासारखे. त्यांनी बरणीले ओलं पोतं गुंडाळलं अन् बसले हातपंख्यानं वारा घालत. दुपारभर! सदरा अंगाले चिपकला, पन हात नाई थांबला. मी म्हटलं, भाऊ, द्या इकडं, थकले तुम्ही. तं म्हनते कसे — "बाई, हे मेलं तं तुम्ही आखीन रडसान, अन् ते मले पाह्यवत नाई." असं कोनी बोलते काय पन्नाशीच्या बाईले? मले तं हसूच फुटलं! लाइन आली, दार लावलं, बरणी हलवली — अन् चमकलं! दोघंही लहान पोरावानी ओरडलो. ह्या साऱ्या बरण्या त्या एकीच्याच. अन् श्रीहरी रोज येतात — म्हंजे, श्रीहरीभाऊ — हसू नका! गळलं ते "भाऊ" नावामागून, गळू द्या. सोमवारी विहारात लग्न आहे आमचं.

घ्या! सांगून बसली! तुमचं नाव बी मालूम नाई मले, अन् पोटच्या पोरीले अजून सांगितलं नाई. भेव वाटते न — बाबाच्या जाग्यावर दुसरा मानूस, काय म्हनन रिना? — थांबा, मोबाइल वाजून राह्यला. तिचाच आहे.

हॅलो, रिना? हाव, जिवंत आहेत, मस्त चमकून राह्यले. ऐक न... मी लग्न करून राह्यली. ... काय? कोन, पोतंवाले काका? हासून काऊन राह्यली? तुले कसं मालूम? ... मी? रोज? फोनवर त्यांचंच सांगते मी?...

भाऊ, बाहेर निघा बरं तुम्ही. निघा न बाप्पा!