मायचं तळं अन् आधीचा फोटो

सरकारी मदतीचं मले नका सांगू, माह्या मायचं ऐका. शेततळ्याचं अनुदान भेटते म्हणून माय ऑफिसात गेलती. साहेब म्हणे, "खोदने से पहले का फोटो लाओ."

माय म्हणे, "तळं तं आमी दोघा नवरा-बायकोनं हातानं खोदून बी टाकलं. त्याच्याच पाण्यावर धान पिकला."

"फिर नहीं मिलेगा, अम्मा." अर्ज वापस.

औंदा तोच साहेब लालबर्रा गावाकडचे जीपभर कास्तकार घेऊन आमच्या बांधावर आला. "देखो, तालाब ऐसा होना चाहिए!"

मायनं सगळ्याइले चहा पाजला अन् मंग इचारलं, "साहेब, याईले काय सांगू? आधी तळं खोदा, का आधी फोटो काढा?"